ओडिलची पट्टी आणि नोएलाची गाठ

स्टेनहोव्ह गावात कुणाची सायकल सरळ आणि कुणाची वाकडी, हे ठरवण्याचा हक्क तीस वर्षं एकाच माणसाकडे होता, आणि तो त्याला कुणी दिलेला नव्हता. ओडिल फान्डेवील मूळचा लिननच्या गिरणीतला फिटर. गिरणीला कुलूप लागलं तसं त्याने घरामागच्या खुराड्यातल्या कोंबड्या हाकलल्या, भिंतींना चुना फासला, वस्तू आवळून धरायचा एक जाडजूड लोखंडी शेगडा ठोकला आणि रविवारचा छंद रोजचा केला. दारावर पाटी लावली नाही. लावायची गरजही नव्हती. स्केल्डे नदीच्या त्या अंगाला ज्याला सायकल येत नाही तो माणूस आजारी आहे असं समजतात, आणि दगडी रस्ते असे की वर्षाकाठी प्रत्येक फ्रेमला कुठेतरी मुरड पडतेच.

इटलीहून येणारी, फ्रेम तपासायची चकचकीत हत्यारं त्याने गेंट शहरातल्या प्रदर्शनात एकदा पाहिली होती. हाताळून परत ठेवली आणि म्हणाला, "छान आहेत. पण वाकडेपणा ओळखायला एवढं नटायला कशाला लागतं?"

घरी येऊन त्याने स्वतःची हत्यारं केली. सासूच्या मोडक्या पलंगाची एक दांडी होती, चांगल्या लाकडाची, अडीच हात लांब. तिच्या शेपटाला भोक पाडून त्यात विणायच्या मागाचा एक लांब बोल्ट बसवला. ही पट्टी. फ्रेमच्या एका अंगाला ती अशी दाबून धरायची की पुढच्या, म्हणजे हँडलच्या नळीला टेकेल आणि सीटच्या नळीलाही टेकेल. मग बोल्ट फिरवून त्याचं टोक मागच्या चाकाची आस बसते त्या खाचेला जेमतेम लावायचं. तीच पट्टी दुसऱ्या अंगाला लावायची. तिथेही टोक जेमतेम लागलं तर फ्रेम सरळ. फट राहिली किंवा टोक आधीच अडलं, तर मागचा चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या नळ्यांची जोडी, एका बाजूला गेलेला. याशिवाय मेणात बुडवलेली लिननची दोरी होती: मागच्या एका खाचेला गाठ मारायची, पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेला आणायची, आणि सीटची नळी दोरीपासून दोन्हीकडे किती लांब आहे ते मोजायचं. बस्स. एवढ्यावर त्याने आसपासच्या पाच गावांच्या सायकली सरळ केल्या, आणि जो मागेल त्याला अशी पट्टी करायलाही शिकवलं.

पलंगाची दांडी पाहून नवखे लोक हसायचे. मग त्यांना ओडिलचं प्रवचन ऐकावं लागे. "हसा. पट्टी थोडी वाकडीच आहे, मला माहीत आहे. वाकडी असू दे की! दोन्ही बाजूंना सारखीच वाकडी आहे ना? मग फसवणार कशी? सरळ असण्यापेक्षा दोन्हीकडे सारखं असणं महत्त्वाचं." हे वाक्य तो इतक्या वेळा बोलला होता की त्याची बायको नोएला आतून भांडी घासता घासता त्याच्याबरोबर म्हणायची.

आणि त्याचे नियम तीन. पट्टी दोन्ही बाजूंनी लावायची. मग फ्रेम शेगड्यात उलटी करून पुन्हा लावायची, कारण फ्रेमचा दोष फ्रेमबरोबर फिरतो, मोजणाऱ्याचा दोष मोजणाऱ्यापाशीच राहतो. आणि शेवटचा शब्द दोरीचा, कारण ताणलेल्या दोरीवर कुणाच्या हाताचा दाब नसतो. हे तीन झाल्याशिवाय तो सायकल दाराबाहेर जाऊ देत नसे, मग गिऱ्हाईक कितीही पाय आपटो.

त्या वर्षी ईस्टरच्या सोमवारी सकाळी ओडिलच्या डाव्या हातातून कॉफीचा कप पडला. तोंडही जरासं वाकडं झालं म्हणे, पण ते तासाभरात जागेवर आलं. हात मात्र पूर्णपणे परतला नाही. दुखत नव्हता, सुजला नव्हता. नुसता उशिरा यायचा, जसा एखादा आळशी कामगार भोंगा झाल्यावर पाच मिनिटांनी येतो. बोटांना बारीक काम जमेना. ओडिलने कुणाला सांगितलं नाही. अडुसष्टाव्या वर्षी हात गेला म्हणजे खुराड्यात पुन्हा कोंबड्या येणार, हे त्याला पक्कं कळत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्याने ती डाव्या खिशात घातली आणि कामाला लागला.

आणि इथेच त्याने ते केलं जे त्याने दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नसतं. हँडल-पेडलसकट फ्रेम शेगड्यातून काढून उलटी धरायला दोन धड हात लागतात. त्याने ते सोडून दिलं. दोरीला गाठ मारायला दहा बोटं लागतात. त्याने दोरी खिळ्याला लटकवली ती लटकवलीच. पट्टी पुरते, असं त्याने स्वतःला सांगितलं. तीस वर्षांची नजर आहे. ईस्टरपासून जुलैपर्यंत त्याच्या हाताखालून एकोणीस सायकली गेल्या.

जूनमध्ये पोस्टमन योरिस कुरकुरत आला होता. "ओडिल, तू सरळ करून दिल्यापासून सायकल ओढतेय एका बाजूला."

"तुझी टपालाची पिशवी ओढत असेल. ती दुसऱ्या खांद्यावर घे," ओडिल म्हणाला, आणि योरिस बिचारा खरंच पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन गेला.

जुलैच्या तिसऱ्या रविवारी गावची जत्रा. दुपारी अडीचला जत्रेची रेस, बायका-पुरुष एकाच रेषेवर, आठ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला कपेलच्या टेकडीवरून खाली येणारा दगडी उतार. उताराच्या तळाशी चर्चच्या भिंतीला लागून काटकोनात वळण. तिथे वेग धरला तर रेस जिंकतात, आणि सायकल ऐनवेळी बाजूला सरकली तर समोर भिंत असते.

सव्वाअकरा वाजता व्हेर्ले सालेन्स सायकल ढकलत खुराड्यात आली. बेकरीवाल्यांची मुलगी, एकवीस वर्षांची, गावात सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत चिवट. कोपराला बँडेज, गालावर खरचटलेलं. गुरुवारी सराव करताना ती त्याच वळणावर पडली होती.

"काका, जरा बघता का? पडल्यावर वाकली असणार. हात सोडले की गटाराकडे जाते."

"गेल्याच आठवड्यात सरळ करून दिली ना तुला?"

"हो, म्हणून तर म्हणते, पडल्यावर झालं असेल."

भिंतीवरच्या काळ्या फळीवर खडूने लिहिलेलं अजून होतं: *व्हेर्ले, डावीकडे 3*. दहा दिवसांपूर्वी ती काही तक्रार घेऊन आलीच नव्हती. जत्रेआधी एकदा बघून ठेवा म्हणाली होती, आणि ओडिलला मागचा चिमटा तीन मिलिमीटर डावीकडे सापडला होता. त्याने तो लांब दांडक्याने उजवीकडे ओढून जागेवर आणला होता.

त्याने चाकं काढली, फ्रेम शेगड्यात धरली आणि पट्टी लावली. उजव्या बाजूला उजव्या हाताने दाबून, डाव्या बाजूला डाव्या हाताने दाबून. बोल्टचं टोक दोन्हीकडे जेमतेम लागलं. शून्य.

त्याला इतकं हायसं वाटलं की तो हसला. "सरळ आहे! पडूनसुद्धा हललेली नाही. याला म्हणतात काम."

"पण ओढतेय काका."

मग त्याने पुढचा चिमटा पाहिला. चाकं पाहिली. मागच्या खाचा एकमेकींसमोर आहेत का ते नळीच्या दोन तुकड्यांनी पाहिलं, तेही त्याचंच घरगुती हत्यार. सगळं ठीक. चाकं पुन्हा बसवली आणि व्हेर्ले गल्लीत गेली. ओडिल दारात उभा राहिला. तिने हात सोडले. दहा हात अंतर सायकल सरळ गेली आणि मग कुणीतरी बाही धरून ओढावं तशी बाजूला गेली. तिने घाईने हँडल धरलं.

"तू अंग टाकतेस एका बाजूला," ओडिल म्हणाला. "कोपर दुखतोय ना. मग नाचता येईना अंगण वाकडं."

व्हेर्लेने सायकल भिंतीला टेकवली. नेहमी एकाला दोन सुनावणारी मुलगी, ती मान खाली घालून उभी राहिली, हे ओडिलला लागलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "असेल. गुरुवारपासून मलाही तेच वाटतंय. मीच घाबरले असेन वळणावर. हातपाय गळाले असतील माझे. आईला म्हटलं, आता उतारावर बसवतच नाही मला."

चर्चच्या घड्याळाने बाराचे ठोके दिले. चौकातून तळलेल्या बटाट्यांचा वास आणि लाऊडस्पीकरची खरखर येऊ लागली. ओडिलने चाकं पुन्हा काढली. पट्टी पुन्हा लावली. शून्य. तिसऱ्यांदा लावली. शून्य. पट्टी म्हणते सरळ, रस्ता म्हणतो वाकडी. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सरळ आहे म्हणून हिला पाठवून द्यावी तर आठ वेळा त्या उतारावरून ही येणार. पाठवू नये तर कशाच्या आधारावर? पट्टी खोटी म्हणायची? मग बाकीच्या सायकलींचं काय? हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो तिथेच दाबला.

"दुसऱ्या कुणाची सायकल घे आजच्यापुरती."

"कुणाची? माझ्या मापाची गावात एक सायकल दाखवा. पाय गुडघ्यात दुमडून चालवू का?"

एकच्या सुमाराला नोएला कॉफी आणि तांदळाच्या टार्टचे दोन तुकडे घेऊन आली. जत्रेचं टार्ट, वर दालचिनी. तिने ताटली ठेवली, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खिळ्याकडे पाहिलं.

"दोरी लावली का?"

"पट्टी पुरते."

"कधीपासून पुरते?"

"नोएला, तू तुझं टार्ट बघ."

"टार्ट झालंय. दोरीवर कोळ्याने जाळं केलंय, ते बघतेय."

व्हेर्लेने मान वर केली. पट्टी कशी करायची हे बाराव्या वर्षी ती याच खुराड्यात शिकली होती. "काका, उलटी करून पण नाही बघितली तुम्ही."

"वेळ नाही! अडीचला रेस आहे, इथे काय शाळा भरलीय?"

तो ओरडला. मग नोएलाने अॅप्रनला हात पुसले, शेगड्याचा दांडा फिरवला आणि व्हेर्लेला म्हणाली, "धर त्या बाजूने." दोघींनी फ्रेम उचलली, उलटी केली आणि शेगडा आवळला. एवढंसं काम, अर्ध्या मिनिटाचं.

"घे. लाव तुझी पट्टी."

ओडिलने पट्टी लावली. उजव्या हाताने उजवीकडे. बोल्टचं टोक खाचेला बेताचं जुळवून घेतलं. मग पट्टी डावीकडे आणली, डाव्या हाताने पुढच्या नळीवर दाबली आणि मागे पाहिलं.

टोक खाचेला अडलं होतं, पट्टी सीटच्या नळीपर्यंत पोचतच नव्हती. मधल्या फटीत पेन्सिल गेली असती.

त्याने पुन्हा लावली. तेच. फ्रेम तीच होती, पट्टी तीच होती. तासाभरापूर्वीपर्यंत जिने तीनदा शून्य सांगितलं तीच. बदलली होती फक्त बाजू. फ्रेमची उजवी बाजू आता त्याच्या डाव्या हाताला आली होती. त्याने हळूच मान वळवून आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. बोटं पट्टीवर होती, ठेवल्यासारखी. दाब नव्हता. पट्टीचं पुढचं टोक नळीपासून नखभर सुटलेलं होतं आणि त्याला ते हाताला कळतच नव्हतं. त्याच्या मते तो दाबत होता.

"गाठ मार," तो नोएलाला म्हणाला.

नोएलाने गिरणीत बावीस वर्षं तुटलेले धागे जोडले होते. चालत्या मागावर, श्वास घ्यायच्या आत. तिने दोरीवरचं जाळं फुंकलं, एका खाचेला गाठ मारली, वळसा घातला, दुसऱ्या खाचेला गाठ मारली. दोरी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली गेली. मग तिने मोजपट्टी लावून मापं मोठ्याने वाचली, आधी इकडचं, मग तिकडचं. फरक सहाचा. सहाचे निम्मे तीन.

"उजवीकडे तीन," व्हेर्ले म्हणाली आणि तिची नजर फळीवर गेली. *डावीकडे 3.* ती बराच वेळ ते वाचत राहिली. लिहिलेलं तर दोनच शब्द आणि एक आकडा होता.

ओडिलला वाटलं असतं तर त्या क्षणीही काहीतरी बोलता आलं असतं. पडल्यावर वाकली, असं ती स्वतःच म्हणत होती. तिने उत्तर हातात आणून दिलं होतं. पण त्या उत्तराबरोबर तिने आणखी एक गोष्ट घेतली होती, मीच घाबरले ही, आणि ती घेऊन ती आयुष्यभर उतार उतरणार होती.

"ती आधी सरळच होती," तो म्हणाला. "तू आणलीस तेव्हा. तीन मिलिमीटर माझ्या हातात होते, फ्रेममध्ये नव्हतेच. ते मी काढले म्हणजे घातले. गुरुवारी तू पडली नाहीस, व्हेर्ले. मी पाडलं तुला."

व्हेर्लेचा चेहरा लाल झाला. "आणि हात असा कधीपासून आहे?"

"ईस्टरपासून."

"ईस्टर! आणि आत्ता मला म्हणालात अंगण वाकडं? तीन रात्री झोपले नाही मी. आईशी भांडले. रेस सोडायला निघाले होते! आणि तुम्ही... तुम्हाला माहीत होतं?"

"हात माहीत होता. बाकीचं नव्हतं. माहीत करून घ्यायचं नव्हतं, असं म्हण."

"मला होतं माहीत," नोएला म्हणाली. ती दोरीकडेच बघत होती. "ईस्टरपासून बूट घालत नाही हा. घरात-बाहेर लाकडी जोडे. नाडी बांधता येत नाही म्हणून. मला वाटलं, सांगेल. मी विचारलं तर घर डोक्यावर घेईल. म्हणून मी पण वाट बघत बसले. तेव्हा ओरडायचंच असेल तर निम्मं माझ्यावर ओरड."

व्हेर्ले ओरडली नाही. तिने डोळे पुसले, नाक ओढलं आणि म्हणाली, "दीड वाजलाय. सरळ होणार आहे का ही?"

होणार होती, पण त्यात धोका होता. लोखंड एकदा वाकवलं, आता परत उलट्या बाजूला वाकवायचं. सांध्याजवळ तडा गेला तर तो उतारावर उघडणार. आणि दांडकं ओढायला लागणारा जोर ओडिलकडे नव्हता. त्याने ते आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने सांगितलं. "ओढायचं तुम्ही. मी ऐकतो."

सात फुटी दांडकं मागच्या चिमट्यात अडकवलं. दोघी टोकाला लोंबकळल्या. ओडिल सांध्याला कान लावून वाकला.

"हळू. अजून. अजून. बस्स, सोडा."

दोरीने दोन सांगितले. पुन्हा ओढलं. चौकातल्या स्पीकरवरून स्पर्धकांना नंबर घेऊन जायला सांगत होते. दोरीने एक सांगितला. तिसऱ्यांदा ओढताना कुठेतरी टक् झालं आणि तिघंही जागच्या जागी थिजली.

"शेगडा," ओडिल जबडा चाचपत म्हणाला. "शेगड्याचा जबडा सरकला. बहुतेक."

बहुतेकवर माणसाला उतारावर पाठवत नाहीत. त्याने सांध्यांना रॉकेल फासायला लावलं, मग कोरडं पुसून वर खडूची पूड. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपून पुडीवर काळी रेघ उमटते. दहा मिनिटं थांबायचं. नोएलाने टार्टची ताटली पुढे केली, कुणी हात लावला नाही. ओडिल पुडीकडे बघत होता आणि मनात मोजत होता, मिनिटं नव्हे, नावं. योरिस पोस्टमन. शाळेचे मास्तर. दूधवाल्याची सून. पलीकडच्या गावचे दोघे भाऊ. एकोणीस.

रेघ उमटली नाही. पूड पांढरी ती पांढरीच राहिली. दोरी दोन्हीकडे सारखी होती. व्हेर्ले गल्लीत गेली, हात सोडले, आणि सायकल कोपऱ्यापर्यंत सरळ गेली. ती परत आली तेव्हा हसली नाही. "सोमवारी बोलू आपण," एवढंच म्हणाली आणि चौकाकडे निघाली. राग होता तिला, आणि तो बरोबर होता.

"मोजपट्टी घे," ओडिल नोएलाला म्हणाला. "आणि दोरी."

"कुठे?"

"ईस्टरपासूनच्या एकोणीसपैकी किती सायकली आज रेषेवर उभ्या आहेत, कोण जाणे."

सव्वादोन वाजता तो लाकडी जोडे वाजवत चौकात शिरला तेव्हा सगळं गाव तिथे होतं. स्पीकरच्या गाडीवरच्या निवेदकाला त्याने बाही धरून खाली ओढलं आणि कानात सांगितलं. निवेदक हसला. मग हसायचा थांबला. "मी नाही बुवा वाचणार हे. तूच बोल," म्हणत त्याने माईक पुढे केला.

ओडिल जन्मात माईकवर बोलला नव्हता. त्याने तो उजव्या हातात घेतला.

"ओडिल फान्डेवील बोलतोय. ईस्टरनंतर ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून सायकल सरळ करून घेतली, त्यांनी त्यावर उतार उतरू नका. त्या मी वाकड्या केल्यात. माझा डावा हात काम करत नाही आणि मी ते लपवलं. योरिस, तुझी पिशवी नव्हती ओढत. आज रेषेवर जे असतील त्यांनी इकडे या. बाकीचे उद्यापासून या. नोएला मोजेल."

बटाट्यांच्या रांगेतली माणसंसुद्धा वळून बघू लागली. मग मागून कुणीतरी ओरडलं, "आणि इतके दिवस आम्हाला नाकाने कांदे सोलून दाखवत होतास!" थोडे हसले. बरेच हसले नाहीत. रेषेवरून तिघं सायकली घेऊन बाहेर आले. सगळ्यांत पुढे योरिस, तोंडाने अखंड शिव्या देत.

रेस थांबली. स्टेनहोव्हची जत्रेची रेस पावसात थांबली नव्हती, ती त्या दिवशी वीस मिनिटं थांबली. चर्चच्या पायऱ्यांवर नोएला गुडघ्यावर बसली आणि चाकं काढलेल्या सायकलींना एकामागून एक दोरी बांधत गेली. ओडिल आकडे वाचत होता, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जातील असे. पहिली, उजवीकडे तीन. दुसरी, उजवीकडे दोन. योरिसची, उजवीकडे चार. तिघांपैकी एकही रेषेवर परत गेला नाही. योरिसने आपली सायकल भिंतीला टेकवली, ओडिलसमोर आला, आणखी एक शिवी हासडली आणि बिअरकडे निघून गेला.

शिट्टी झाली. रेषा हलली. व्हेर्ले तिसऱ्या रांगेत होती. पहिल्या उतारावर सगळे तिच्याआधी ब्रेक लावतील का ती सगळ्यांआधी लावेल, हे बघायला ओडिल भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. टेकडीवरून दगडांवरचा खडखडाट खाली येऊ लागला. व्हेर्लेची लाल टोपी पुढे दिसली. तिने ब्रेकला हात लावला नाही. ती वळणात शिरली, भिंतीपासून वीतभर अंतरावरून गेली आणि सरळ बाहेर पडली.

"झालं?" नोएला मागून म्हणाली. ती एकटी नव्हती. गावचे डॉक्टर ब्राकमान हातातला बिअरचा ग्लास पायरीवर ठेवत होते. "आता तुझी पाळी."

"उद्या येतो ना दवाखान्यात."

"उद्या नाही. इथेच," डॉक्टर म्हणाले. "काही नाही रे, साधी गोष्ट आहे. दोन्ही हात समोर कर. सरळ. तळवे वर. असे. आता डोळे मीट आणि दहापर्यंत मोज."

ओडिलने डोळे मिटले आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन. खडखडाट लांब गेला होता. त्याच्या मते दोन्ही हात अगदी एका पातळीत होते, डाव्यात काही फरक जाणवत नव्हता, आणि हेच त्याला सगळ्यात भयंकर वाटलं. दहा झाले. डॉक्टर काही लपवतील, बायको लपवणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"नोएला," डोळे न उघडता तो म्हणाला, "किती?"

नोएलाने हातातल्या मोजपट्टीने डावा तळवा उजव्यापेक्षा किती खाली आलाय ते मोजलं आणि मग जो होता तो आकडा सांगितला.